उभ्या गाडीचा पहारा आणि बॅटरीचा हिशेब

मोटारीच्या पुढच्या काचेमागे बसविलेला छोटा कॅमेरा, अर्थात डॅशकॅम, ही आपल्या देशात आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यू एन लाइन आणि २०२३ मध्ये एक्स्टर या गाड्यांच्या काही प्रकारांत तो कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. गाड्यांची इतर साधने विकणाऱ्या दुकानांतून तो त्याआधीपासूनच विकला जात होता. धावत्या गाडीसमोर जे घडते ते टिपणे, हे या कॅमेऱ्याचे मूळ काम. इंजिन चालू असते, अल्टरनेटर वीज तयार करीत असतो आणि त्यातला अत्यल्प वाटा कॅमेऱ्याला जातो. येथपर्यंत काही अडचण नाही.

ग्राहकाची अपेक्षा मात्र याच्या पुढे गेली आहे. गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असताना तिला कोणी घासून गेले, आरसा तोडला किंवा काच फोडली, तर त्याचेही चित्रण हवे, असे मालकाला वाटते. 'पार्किंग मोड' या नावाने विक्रेते हीच सोय पुढे करतात. इंजिन बंद असताना या पहारेकऱ्याला वीज कोठून मिळणार, याचा खुलासा मात्र विक्रीच्या वेळी क्वचितच होतो. मग एखाद्या सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडी सुरूच होत नाही आणि शेजाऱ्याकडे जंपर केबल मागण्याची वेळ येते. विजेचा हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक दिसतो. त्याचे धागे मात्र विमा, न्यायालयीन पुरावा आणि इतरांचा खासगीपणा यांच्यापर्यंत पोहोचतात.

पहाऱ्याची गरज का भासते?

दिल्ली असो, बंगळूर असो, इंदूर असो की पुणे, शहरांतील गाड्यांची संख्या ज्या वेगाने वाढली त्या वेगाने त्या उभ्या करण्याच्या जागा वाढल्या नाहीत. ज्यांना सोसायटीच्या आवारात जागा मिळत नाही, त्यांच्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर रात्र काढतात. तेथे रखवालदार नसतो. पालिकेचा किंवा पोलिसांचा सीसीटीव्ही कॅमेरा असला, तरी त्याचा रोख बहुधा चौकाकडे असतो. एकट्या राजधानी दिल्लीत दरवर्षी हजारो वाहने चोरीस जातात. किरकोळ ओरखडे आणि पोचे यांची तर कोठे नोंदही होत नाही.

या किरकोळ नुकसानीमागे विम्याचे एक गणित दडलेले आहे. वर्षभरात दावा न करणाऱ्या वाहनमालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भराव्या लागणाऱ्या हप्त्यात सवलत मिळते. 'नो क्लेम बोनस' या नावाने ओळखली जाणारी ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत जाते. धडक देणारा पळून गेला तर मालकापुढे दोनच मार्ग उरतात. दुरुस्ती स्वखर्चाने करायची, किंवा स्वतःच्या विम्यावर दावा करून अनेक वर्षांत जमलेल्या सवलतीवर पाणी सोडायचे. ही सवलत राखणारे जादा संरक्षण ज्यांनी विकत घेतलेले असते तेवढेच याला अपवाद. दोषी गाडीचा क्रमांक हाती असेल, तर तडजोड करता येते किंवा त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येते. पाच-सहा हजार रुपयांचा कॅमेरा घ्यावा, असे सामान्य माणसाला वाटू लागते त्यामागे हे कारण आहे.

पंचेचाळीस नव्हे, पस्तीसच

लहान मोटारींत साधारणतः ३५ अँपिअर-तास क्षमतेची, १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. याचा ढोबळ अर्थ असा की, तिच्यातून एक अँपिअर प्रवाह सुमारे ३५ तास घेता येतो. परंतु हे कागदावरचे गणित झाले. इंजिन सुरू करणारी बॅटरी ही काही क्षण शेकडो अँपिअर देण्यासाठी घडविलेली असते. थोडा थोडा प्रवाह तासन् तास देत राहणे हा तिचा धर्म नाही. ती वारंवार निम्म्याहून खाली उतरू दिली, तर तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ३५ पैकी फार तर १७ अँपिअर-तास आपल्या हाती आहेत असे समजावे.

एका भिंगाचा साधा डॅशकॅम अखंड चित्रण करीत असताना ०.३ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. मागच्या काचेवर दुसरा कॅमेरा आणि जोडीला वाय-फाय किंवा मोबाइल जोडणी असेल, तर हा आकडा ०.५ अँपिअरपर्यंत जातो. शिवाय गाडीची स्वतःची घड्याळ, चोरीरोधक यंत्रणा आणि संगणक ही मंडळीही इंजिन बंद असताना थोडी वीज घेतच असतात.

आता हिशेब मांडू. रात्रीच्या १२ तासांत ०.३ अँपिअरचा कॅमेरा ३.६ अँपिअर-तास खर्च करतो, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा सुमारे दहावा हिस्सा. दुसऱ्या दिवशी गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर धावली, तर ही तूट बरीचशी भरून निघते. कार्यालय मात्र चार किलोमीटरवर असेल आणि गाडी वातानुकूलन, दिवे व गर्दी यांच्यासह वीस मिनिटेच चालत असेल, तर ती पूर्ण भरून निघत नाही. याचे कारण असे की, शिसे-आम्ल बॅटरी भरत आली की विद्युतप्रवाह सावकाश स्वीकारू लागते. रोज थोडी थोडी तूट साचत जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बॅटरी अचानक मान टाकते. प्रत्यक्षात ती अचानक मान टाकत नसते. ती रोज थोडी उतरत असते.

दिवाळीत गाडी दारात ठेवून कुटुंब रेल्वेने गावी गेले, तर स्थिती आणखी बिकट होते. चार दिवसांत कॅमेऱ्याचे जवळजवळ २९ आणि गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेचे सुमारे तीन, असे मिळून ३२ अँपिअर-तास खर्च होतात. नवी बॅटरीही यात जवळपास रिकामी होईल. तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीची तर गोष्टच नको. उत्तरेतील थंडीत बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते, तर नागपूर किंवा अहमदाबादच्या उन्हाळ्यात तिचे आयुष्य कायमचे कमी होते. इंधन वाचविण्यासाठी बॅटरी मुद्दाम पूर्ण न भरणाऱ्या नव्या गाड्यांत तर पहारा सुरू होतानाच शिल्लक कमी असते.

वीज घ्यायची कोठून?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सिगारेट लायटरचा सॉकेट. बहुतेक गाड्यांत तो किल्ली काढताच बंद होतो. त्यामुळे गाडी उभी असताना कॅमेराही झोपतो. काही गाड्यांत तो चालूच राहतो. तेथे कॅमेरा जागा राहतो खरा, पण बॅटरी उतरू लागली की त्याला थांबविणारे कोणी नसते.

दुसरा आणि अधिक प्रचलित मार्ग 'हार्डवायर किट'चा. यात तीन तारा असतात. एक फ्यूज बॉक्समधील सदैव वीज असणाऱ्या जागी जोडतात. दुसरी किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या जागी जोडतात; गाडी चालू आहे की उभी, हे कॅमेऱ्याला तिच्यामुळे समजते. तिसरी गाडीच्या धातूच्या सांगाड्याला लावतात. या किटचा खरा उपयोग त्यातील 'कट-ऑफ' यंत्रणेत आहे. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की ही यंत्रणा कॅमेऱ्याची वीज तोडते.

ही पातळी कोणती ठेवावी, याकडे दुर्लक्ष होते. पूर्ण भरलेली आणि काही वेळ विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ व्होल्टला ती सुमारे तीन-चतुर्थांश भरलेली असते, १२.२ ला निम्मी, १२.० ला सुमारे एक-चतुर्थांश आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. बाजारातील अनेक किटमध्ये ११.६ किंवा ११.८ व्होल्टचाही पर्याय असतो आणि पहारा जास्त वेळ चालावा म्हणून बसविणारा कारागीर तोच निवडून देतो. मग कट-ऑफ असूनही सकाळी गाडी सुरू होत नाही. १२.२ व्होल्टच्या खाली ही मर्यादा नेऊ नये. नवी, भरलेली बॅटरी असेल तर या मर्यादेतही एका साध्या कॅमेऱ्याचा दोन दिवसांचा पहारा होऊ शकतो. बॅटरी जुनी असल्यास एक रात्र निघाली तरी समाधान मानावे.

तिसरा मार्ग गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी सॉकेटचा. तेथे वीज सदैव असते आणि तार तोडावी लागत नाही. मात्र हा सॉकेट गाडीच्या संगणकाशी जोडलेला असल्याने तेथे लावायचे साधन भरवशाचे असणे आवश्यक आहे.

चौथा मार्ग खर्चाचा, पण निर्धोक. लिथियम आयर्न फॉस्फेटची वेगळी छोटी बॅटरी बसवायची, ती गाडी धावत असताना भरायची आणि उभ्या गाडीतील कॅमेऱ्याला तीच वीज पुरवायची. यामुळे गाडीच्या मुख्य बॅटरीला हात लागत नाही. अडचण दोन प्रकारची आहे. हिची किंमत अनेकदा कॅमेऱ्याहून अधिक पडते. शिवाय गोठणबिंदूखालील तापमानात ती भरणे तिला अपायकारक ठरते. लडाख किंवा हिमाचलच्या उंच भागांत ही बाब लक्षात घ्यावीच लागते. पैसे वाचविण्यासाठी साधी पॉवर बँक गाडीत ठेवून देण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डजवळचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. त्या उष्णतेत साधी लिथियम-आयन बॅटरी फुगण्याचा किंवा पेट घेण्याचा धोका असतो. चांगल्या डॅशकॅमच्या आत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो, तोही याच कारणासाठी.

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांनीही गाफील राहू नये. या गाड्यांत मोठ्या बॅटरीबरोबर १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. दिवे, कुलपे व संगणक तिच्यावर चालतात. उभ्या अवस्थेत मोठी बॅटरी छोटीला कधी व किती भरते, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. छोटी उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

जागे राहण्याच्या रीती

वीज वाढविता येत नसेल तर खर्च कमी करावा, हा संसारातला नियम येथेही लागू पडतो. उभ्या गाडीतील कॅमेरे ढोबळमानाने तीन रीतींनी काम करतात. पहिल्या रीतीत कॅमेरा अखंड चित्रण करतो. त्यात काही सुटत नाही, पण वीज सर्वाधिक लागते. दुसऱ्या रीतीत तो समोरची हालचाल पाहत राहतो आणि काही हलले तरच चित्रण साठवितो. वर्दळीच्या रस्त्यावर यातून फारशी बचत होत नाही, कारण प्रत्येक रिक्षा आणि प्रत्येक भटके कुत्रे त्याला कामाला लावते. तिसऱ्या रीतीत कॅमेरा जवळजवळ पूर्ण झोपतो आणि गाडीला धक्का बसला तरच जागा होतो. यात वीज अगदी नाममात्र लागते आणि पहारा कित्येक दिवस चालू शकतो. मात्र जागे होण्यास क्षणभर लागतो आणि नेमका धडकेचा क्षण हातातून निसटू शकतो. पळणाऱ्या गाडीची मागची पाटी मिळाली, तर ते नशीब.

कोणती रीत निवडायची, हे गाडी कोठे उभी राहते यावर ठरवावे. सोसायटीच्या बंद आवारात धक्क्याने जागा होणारा कॅमेरा पुरेसा आहे. रहदारीच्या रस्त्यावर एका रात्रीपुरते अखंड चित्रण समर्थनीय ठरू शकते. चार दिवस गावाला जाताना मात्र पहारा बंद ठेवणे किंवा तिसरी रीत पत्करणे, हेच शहाणपणाचे. कॅमेऱ्याची नजर पुढे आणि मागे असते. बाजूने घासून जाणारी दुचाकी बहुतेक वेळा त्याच्या नजरेबाहेरच राहते, हेही विसरता कामा नये.

चित्रण मिळाले, पुढे काय?

समजा, दोषी गाडीचा क्रमांक चित्रणात स्पष्ट दिसला. तडजोडीसाठी तेवढे पुरेसे ठरते. प्रकरण न्यायालयात गेले, तर मात्र पुराव्याच्या कायद्याची पायरी चढावी लागते. या संदर्भातील महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातील एका प्रकरणातून आला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता का, हा त्यातील कळीचा मुद्दा होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण हा त्यातील पुरावा होता. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चित्रणाची प्रत सादर करायची तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब नुसार प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सादर केले, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही.

तो जुना कायदा आता इतिहासजमा झाला आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्यात दोन भाग आहेत. एक चित्रण सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा. फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी तिचे 'हॅश' मूल्यही नोंदवावे लागते. सामान्य वाहनमालकाने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. घटना घडताच मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवावे. कॅमेरा जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवीत असतो. कॅमेऱ्यातील दिनांक आणि वेळ आधीच बरोबर लावलेली असावी. वीज वारंवार तुटणाऱ्या कॅमेऱ्यात घड्याळ मागे पडण्याची किंवा फाइल अर्धवट राहण्याची शक्यता असते. चांगला वीजपुरवठा आणि चांगला पुरावा यांचा असा थेट संबंध आहे.

शेजाऱ्याची खिडकी

पहाऱ्याची दुसरीही बाजू आहे. धावत्या गाडीतील कॅमेरा प्रत्येक क्षणी नवे दृश्य पाहतो. उभ्या गाडीतील कॅमेरा एकाच घराचे दार, एकच खिडकी आणि तेथे येणारी-जाणारी माणसे रात्रभर टिपत राहतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीच्या निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठीच्या वापराला वगळले आहे. मात्र तेच चित्रण शेजाऱ्यांची चेष्टा करण्यासाठी समाजमाध्यमांवर पसरविले, तर त्याला घरगुती वापर म्हणणे कठीण आहे.

परदेशांतील अनुभव येथे उद्बोधक ठरतो. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने मे २०१८ मध्ये एका अपघाताच्या दाव्यात डॅशकॅमचे चित्रण पुरावा म्हणून स्वीकारता येईल असे सांगितले. परंतु कोणत्याही कारणाविना सतत चित्रण करीत राहणे हा विदा संरक्षणाच्या नियमांचा भंग आहे, असेही बजावले. टेस्ला कंपनीच्या गाड्यांतील 'सेंट्री मोड' ही उभ्या गाडीची पहारा-यंत्रणा नेदरलँड्सच्या विदा संरक्षण प्राधिकरणाने तपासली. त्यानंतर कंपनीने तीत बदल केले आणि २०२३ मध्ये प्राधिकरणाने चौकशी संपविली. गाडीला स्पर्श झाला तरच चित्रण व्हावे आणि ते चालू असल्याचे दिव्यांवरून बाहेरच्यांना कळावे, असे त्या बदलांचे स्वरूप होते. याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये मुंबईत आपले पहिले भारतीय दालन उघडले असल्याने हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. कमी वीज खाणारी रीत आणि इतरांच्या खासगीपणात कमी ढवळाढवळ करणारी रीत, या दोन्ही एकच आहेत. गाडीला धक्का बसल्यावरच जागा होणारा कॅमेरा बॅटरीही राखतो आणि शेजाऱ्याची खिडकीही. बॅटरीच्या मर्यादेकडे केवळ अडचण म्हणून पाहण्याचे कारण नाही.

काय करता येईल?

यात सर्वाधिक जबाबदारी उत्पादकांची आहे. पार्किंग मोडची जाहिरात करणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या खोक्यावर उभ्या अवस्थेतील विजेचा वापर अँपिअरमध्ये छापला गेला पाहिजे. वातानुकूलन यंत्रावर आणि शीतकपाटावर विजेच्या वापराचे तारे छापलेले असतात. येथेही तसे करण्यात अडचण नसावी. मोटार उत्पादकांनी आरशाजवळ कट-ऑफसह वीजजोडणी दिली, तर गल्लीतल्या कारागिराला फ्यूज बॉक्समध्ये हात घालावा लागणार नाही. चुकीच्या जोडणीतून आग लागण्याचा धोका आणि वॉरंटीवरून होणारे वादही त्यामुळे टळतील.

हा विचार आपल्या व्यवस्थेला अपरिचित नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस १४० या मानकानुसार स्थानदर्शक यंत्र बंधनकारक करण्यात आले. मुख्य वीज तुटली तरी चालावे म्हणून त्या यंत्रात स्वतःची अंतर्गत बॅटरी असते. सुरक्षेचे साधन वाहनाच्या मुख्य बॅटरीवर सर्वस्वी विसंबून नसावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. खासगी मोटारींतील कॅमेऱ्यांनाही ते लावता येईल.

तोपर्यंत वाहनमालकाने काही पथ्ये पाळावीत. जोडणी फ्यूजसह आणि तार न तोडता करून घ्यावी. कट-ऑफ १२.२ व्होल्टवर ठेवावा. रोजचा प्रवास लहान असेल तर आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवून आणावी किंवा पहाऱ्याचे तास मर्यादित ठेवावेत. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर आधी तिची तपासणी करावी, मग कॅमेरा घ्यावा.

रस्त्यावरील वाहनांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मुळात सार्वजनिक यंत्रणेची आहे. वाहनतळांची टंचाई आणि रस्त्यांवरील अपुरा प्रकाश यांची उणीव प्रत्येक मालकाने आपल्या बॅटरीतून भरून काढावी, ही स्थिती भूषणावह नाही. डॅशकॅम तिच्यावरचा तात्पुरता उपाय आहे. तो वापरताना, सकाळी कामावर निघणाऱ्या माणसाची गाडी सुरू होणे हे रात्रीच्या कोणत्याही चित्रणापेक्षा महत्त्वाचे आहे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.